ओसरीवरचे सूर आणि शाळेचे दार : ब्लूग्रास संगीत डोंगरातल्या मुलांपर्यंत कसे पोहोचले?

१/२५
१९३० चे दशक. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फ्लिंट हिल हे खेडे. शेतकरी घरातील दोन भाऊ अंगणात उभे राहून एकच धून एकाच क्षणी सुरू करतात आणि वाजवत वाजवत घराला विरुद्ध दिशांनी फेरी घालू लागतात. मध्ये घर आडवे आले की एकमेकांचे वादन ऐकू येईनासे होते. घराच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ पडेल तेव्हा दोघे एकाच मात्रेवर असले, तर लय पक्की. नसले, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्यापाशी ना मेट्रोनोम होता, ना शिक्षक. 🧵

२/२५
त्या दोघांपैकी धाकट्याचे नाव अर्ल स्क्रग्ज. पुढे त्याने बँजोवादनाची रीतच पालटून टाकली. त्याचे वडील बँजो वाजवत; पण अर्ल चार वर्षांचा असतानाच ते वारले. मागे उरले ते घरातले वाद्य आणि वाजवणारी भावंडे. अशा कथा आपण प्रतिभेचा पुरावा म्हणून सांगतो. त्या कथांतच दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ज्या घरात वाद्य नव्हते, वाजवणारा भाऊ नव्हता, त्या घरातील मुलाचे काय झाले? डोंगराळ खेड्यांतील मुलांना आपल्याच मातीतले संगीत शिकता यावे, यासाठी झालेल्या शंभर वर्षांच्या खटपटीचा हा इतिहास.

३/२५
प्रथम शब्दांचा उलगडा. ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), मँडोलिन, गिटार आणि डबल बेस या तंतुवाद्यांवरचे वेगवान समूहवादन आणि त्याच्या जोडीला उंच पट्टीतले गायन. महाराष्ट्रात ‘बेंजो’ म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतले, कळा दाबून वाजवायचे वाद्य डोळ्यांसमोर येते. ते बुलबुलतरंगाच्या कुळातले असून त्याचे मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त आहे. अमेरिकन बँजो निराळा : गोल चौकटीवर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि पाच तारा. नावापलीकडे या दोन वाद्यांचे फारसे नाते नाही.

४/२५
या बँजोची जन्मकथा डोंगरात सुरू होत नाही. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये पश्चिम आफ्रिकेत होती. सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांचे ‘अकोन्टिंग’ हे त्यांपैकी एक. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांनी ही विद्या कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत जिवंत ठेवली. थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथात या वाद्याची नोंद केली, तीही कृष्णवर्णीयांचे वाद्य म्हणूनच. गोऱ्या वादकांच्या हाती ते सर्रास आले ते एकोणिसाव्या शतकात.

५/२५
स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी फिडल आणि कथागीते आणली. अॅपलॅचियन पर्वतरांगेत या फिडलची त्या आफ्रिकी बँजोशी गाठ पडली. येथील दऱ्या अरुंद, रस्ते वाईट, घरे विखुरलेली. दिवसभराचे काम आटोपल्यावर लोक घरापुढच्या ओसरीवर जमत आणि वाजवत. मुले समोर बसून मोठ्यांची बोटे पाहत आणि कानांनी धून टिपत. स्वरलिपी नव्हती, फी नव्हती, परीक्षाही नव्हती. कान हीच वही होती.

६/२५
ओसरीची ही शाळा प्रेमळ खरी, पण ती सर्वांसाठी खुली नव्हती. प्रवेश मिळे तो जन्माच्या योगायोगाने. घरात किंवा शेजारी वादक असेल तर शिकायचे, नसेल तर नाही. स्त्रिया घरात गात, पुष्कळजणी बँजोही वाजवत. परंतु नाचाच्या बैठकीत आणि पुढे रंगमंचावर मान मिळे तो बहुधा पुरुषांना. गोरे आणि काळे वादक एकमेकांकडून शिकत. पण एका शाळेत बसणे त्यांना कायद्यानेच अशक्य होते. आणि या सर्वांच्या आधी प्रश्न येई तो वाद्याचा.

७/२५
डीप गॅप या गावी १९२३ साली जन्मलेला डॉक वॉटसन वर्षाचा होण्याआधीच दृष्टी गमावून बसला. वडिलांनी त्याला हाताने बँजो करून दिला. त्यावर ताणलेले कातडे घरातील मेलेल्या म्हाताऱ्या मांजरीचे होते. पुढे त्याने भावासोबत वाळलेली चेस्टनटची झाडे तोडून विकली आणि त्या पैशातून ‘सिअर्स’ कंपनीच्या कॅटलॉगमधून गिटार मागवली. १८९६ मध्ये सुरू झालेली ग्रामीण टपालवाटप सेवा आणि १९१३ ची पार्सल टपाल योजना यांमुळे असे खोके डोंगरातल्या घरापर्यंत येऊ लागले होते. खेड्यातल्या मुलांच्या संगीतशिक्षणात पोस्टमनचा वाटा मोठा आहे.

८/२५
याच काळात डोंगरात दुसऱ्या वाटेने शाळा आली. १९०२ मध्ये कॅथरिन पेटिट आणि मे स्टोन या दोघींनी केंटकीतील हिंडमन येथे ‘सेटलमेंट स्कूल’ सुरू केले. १९१३ मध्ये विल्यम क्रीच या डोंगरी शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवर पाइन माउंटन येथे दुसरी शाळा उभी राहिली. जेथे वर्षातून काही आठवडेच शाळा भरे, तेथे या संस्थांनी वर्ग, वसतिगृहे आणि आरोग्यसेवा दिली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण कोणते संगीत ‘चांगले’ आणि कोणते ‘हलके’, याचा निवाडाही त्या करू लागल्या.

९/२५
१९१६ ते १९१८ या काळात इंग्रज संग्राहक सेसिल शार्प आणि त्याची सहकारी मॉड कार्पेलिस यांनी हा डोंगर पायी पालथा घातला. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या विदुषीने आधीच जमवलेली गाणी पाहून शार्पला ही वाट सुचली होती. दोघांनी १६०० हून अधिक चाली टिपल्या. हे कार्य अमोल आहे. शार्प मात्र प्रामुख्याने इंग्लंडमध्ये विस्मृतीत गेलेली कथागीते शोधत होता. त्यामुळे बँजोच्या धुनी, भजने, कृष्णवर्णीयांची गाणी त्याच्या वहीत फार थोडी उतरली.

१०/२५
हीच दृष्टी शाळांनीही स्वीकारली. जुनी इंग्रजी कथागीते, मांडीवर ठेवून वाजवायचे मंजुळ डल्सिमर आणि इंग्लंडमधून आणलेली लोकनृत्ये यांना वर्गात मान मिळाला. बँजो मात्र दारू, नाच आणि रिकामटेकडेपणा यांच्याशी जोडला गेल्याने दाराबाहेर राहिला. डेव्हिड व्हिझनंट या अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात या विसंगतीवर नेमके बोट ठेवले : डोंगराची संस्कृती वाचवायला आलेल्यांनी त्या संस्कृतीतला आपल्याला रुचेल तेवढाच भाग उचलला. मूल घरी एक संगीत ऐके आणि ‘आपले’ संगीत म्हणून शाळेत दुसरेच शिके.

११/२५
या निवडीचे टोक दिसले ते व्हर्जिनियातील व्हाइटटॉप या डोंगरावर. १९३१ ते १९३९ या काळात तेथे लोकसंगीताचा महोत्सव भरे. १९३३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. महोत्सवाचा एक सूत्रधार होता संगीतकार जॉन पॉवेल. व्हर्जिनियात आंतरवर्णीय विवाहांना बंदी घालणाऱ्या १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याचा तो खंदा पुरस्कर्ता होता. डोंगरी संगीत म्हणजे निर्भेळ ‘अँग्लो-सॅक्सन’ वारसा, हे त्याला सिद्ध करायचे होते. ज्यांच्या पूर्वजांनी बँजो आणला, त्यांना या मंचावर स्थान नव्हते. व्हाइटटॉप हे नाव लक्षात असू द्यावे. हा इतिहास तेथे परत येणार आहे.

१२/२५
शाळेने न उघडलेले दार यंत्राने उघडले. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल येथे राल्फ पीअरने ध्वनिमुद्रणे केली आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचे आवाज देशभर गेले. पुढे ए. पी. कार्टर गाणी जमवायला गावोगाव फिरे, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्याबरोबर असे. कार्टर शब्द लिहून घेई, रिडल चाल लक्षात ठेवी. त्याचे नाव तबकड्यांवर आले नाही. त्याच सुमारास नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाने शनिवारची रात्र डोंगरातल्या घराघरांत संगीताची केली. आता शिक्षक आपल्याच दरीतला असण्याची गरज उरली नाही.

१३/२५
याच पिढीतला बिल मन्रो. जन्म १९११, केंटकीतील रोझीन गावचा. आठ भावंडांत सर्वांत धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्या भावंडांनी आधीच बळकावलेली, म्हणून त्याच्या वाट्याला मँडोलिन आले. सोळाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. मग तो मामा पेन व्हँडिव्हर यांच्या आधाराने राहिला. मामा फिडल वाजवीत. भाचा साथ करी. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकासोबतही तो गावच्या नाचांत वाजवी. मन्रोच्या संगीतातला निळसर, ब्लूजचा रंग कोठून आला, हे सांगताना शुल्ट्झचे नाव घ्यावेच लागते. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

१४/२५
१९३९ मध्ये मन्रोचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा ताफा ऑप्रीवर आला. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज त्याला मिळाला आणि अंगठा व दोन बोटे यांनी तारा छेडण्याची त्याची वेगवान पद्धत रेडिओवरून सर्वत्र पोहोचली. ती त्याने शून्यातून निर्मिली नव्हती. कॅरोलायनाच्या त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे आधीही होते. स्क्रग्जने तिला घोटीव रूप दिले. ऐकणाऱ्या शेकडो मुलांना तसेच वाजवायचे होते. पण स्वर इतक्या वेगाने झरत, की कानाला एकेक वेगळा सापडेना.

१५/२५
यावर तरुणांनी एक युक्ती काढली. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांच्या गतीने लावायची. वेग निम्मा होतो, स्वर एक सप्तक खाली उतरतो. पट्टी मात्र तीच राहते. मग सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून एकेक स्वर वेचायचा. पीट सीगरने १९४८ मध्येच बँजोचे एक मार्गदर्शक पुस्तक सायक्लोस्टाइल करून काढले होते. १९६८ मध्ये स्क्रग्जच्या नावाचे पुस्तक आले. त्यात स्वरलिपीऐवजी ‘टॅब्लेचर’ होते : कोणती तार, कोणता पडदा, कोणते बोट. ज्याला मामा नव्हता, त्याला पुस्तक मामा झाले.

१६/२५
परंतु पुस्तकाचा आणि तबकडीचा लाभ आधी झाला तो शहरांतील महाविद्यालयीन तरुणांना. खुद्द डोंगरात उलटेच घडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणकामाचे यांत्रिकीकरण झाले आणि लाखो कुटुंबे डेट्रॉइट, सिनसिनाटी, बाल्टिमोरकडे निघाली. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगार कुटुंबातील हेझल डिकन्स अशीच बाल्टिमोरला गेली. तेथे अॅलिस गेरार्डशी तिची जोडी जमली आणि १९६५ मध्ये या दोघींची तबकडी निघाली. ब्लूग्रासमध्ये स्त्रियांनी आघाडीवर राहून केलेल्या पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. गावात मात्र ओसऱ्या ओस पडू लागल्या. दूरचित्रवाणी आली आणि लोक घराच्या आत वळले.

१७/२५
शिक्षणसंस्थांना जाग आली ती वरून खाली. १९८२ मध्ये ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत जॅक टॉटल याने ब्लूग्रासचा अभ्यासक्रम सुरू केला. एकेकाळी दाराबाहेर ठेवलेला बँजो आता विद्यापीठाच्या वर्गात आला. ही प्रतिष्ठा महत्त्वाची होती. तरी या दारातून आत जाणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा आणि आधीच वाजवता येणारा. ज्या वयात बोटे वळतात आणि कान घडतो, त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी अजून काहीच नव्हते.

१८/२५
येथे इतिहास व्हाइटटॉपला परततो. त्या डोंगराच्या कुशीत माउंट रॉजर्स नावाची अगदी लहान शाळा होती. ढोल-तुताऱ्यांच्या बँडपुरती मुलेही तेथे नव्हती. १९८० च्या दशकाच्या आरंभी अल्बर्ट हॅश या स्थानिक फिडलवादक आणि वाद्य घडवणाऱ्या कारागिराच्या पुढाकाराने तेथे तंतुवाद्यांचे वर्ग सुरू झाले. १९८३ मध्ये हॅश वारला. त्याचा मेहुणा थॉर्नटन स्पेन्सर आणि त्याची पत्नी एमिली यांनी हे काम पुढे नेले. एमिलीने कित्येक वर्षे मुलांना शिकवले. शाळेच्या वाद्यवृंदाला हॅशचे नाव मिळाले. ज्या डोंगरावर बाहेरच्यांनी ‘शुद्ध’ संगीताचे प्रदर्शन मांडले होते, तेथेच आता गावचा माणूस गावच्या मुलाला शाळेच्या वेळेत फिडल शिकवू लागला.

१९/२५
हॅशकडून वाद्ये घडवायला शिकलेल्यांत वेन हेंडरसन होता. रग्बी या चिमुकल्या वस्तीत राहणारा, व्यवसायाने ग्रामीण पोस्टमन. त्याची गिटार मिळावी म्हणून मोठमोठे वादक वर्षानुवर्षे थांबत. त्याच्या नावाच्या महोत्सवाच्या उत्पन्नातून तरुण वादकांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्याची जोडीदार हेलन व्हाइट स्वतः उत्तम फिडल वाजवी. नॉर्थ कॅरोलायनातील स्पार्टा गावच्या प्राथमिक शाळेत ती विद्यार्थी-समुपदेशक होती. घरी संगीत आणि कामावर मुलांचे प्रश्न, अशा दोन जगांत ती वावरत होती.

२०/२५
या भागातील कापडगिरण्या आणि फर्निचरचे कारखाने त्या वर्षांत एकामागून एक बंद होत होते. मुलांनी मोठे होऊन गाव सोडायचे, हे जणू ठरलेलेच. डोंगरी उच्चारांची आणि राहणीची दूरचित्रवाणीवर टिंगल चाले; मुलांना आपल्या गावाचीच लाज वाटे. अशा वेळी २००० साली हेलन व्हाइटने स्पार्टाच्या शाळेत ‘ज्युनिअर अॅपलॅचियन म्युझिशियन्स’ हा उपक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचे लघुरूप होते ‘जॅम’, आणि अनेकांनी जमून तालमीविना एकत्र वाजवणे यालाही ‘जॅम’च म्हणतात. मूल चुकते म्हणून त्याला बोलावण्यापेक्षा त्याला जमेल असे काही त्याच्या हाती द्यावे, असा हा समुपदेशनाचा निराळा मार्ग होता.

२१/२५
पद्धत साधी, पण विचारपूर्वक आखलेली. साधारण चौथी ते आठवीची मुले. शाळा सुटल्यावर त्याच इमारतीत वर्ग. फिडल, बँजो आणि गिटार यांचे छोटे छोटे गट. शिक्षक शक्यतो त्याच परिसरातले वादक. ज्याच्याकडे वाद्य नाही त्याला ते वापरायला मिळते. शिकवणी कानांनी : शिक्षक एक तुकडा वाजवतो, मुले तो परत वाजवतात. धून कोणाची, कोणत्या गावची, हेही सांगितले जाते. म्हणजे ओसरीच शाळेत आणलेली. फरक इतकाच, की या ओसरीवर बसायला वादक घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही.

२२/२५
‘साधी’ म्हणणे सोपे आहे. डोंगरात शाळेची बस हीच मुलांची घरी जाण्याची वाट. ती निघून गेल्यावर थांबणाऱ्या मुलाला न्यायला कोणीतरी वाहन घेऊन यावे लागते. वाद्याला तारा, गज, दुरुस्ती लागते. वादकाला मानधन द्यावे लागते, नाहीतर उपजीविकेसाठी तो दुसरीकडे वळतो. त्यात २००२ च्या नव्या शिक्षण कायद्याने वाचन आणि गणित यांच्या परीक्षांवर शाळांचे भवितव्य टांगले. कलांचे तास आक्रसू लागले. देणग्या, अनुदाने आणि स्वयंसेवकांच्या बळावर हे वर्ग चालत आले आहेत. प्रवेश खुला करणे म्हणजे दारावरची पाटी बदलणे नव्हे; दारापर्यंतचा रस्ताही करून द्यावा लागतो.

२३/२५
एक गंभीर आक्षेपही आहे. ओसरीवर प्रत्येक दरीची ढब वेगळी होती. शाळा आली की पाठ्यक्रम येतो आणि पाठ्यक्रमाबरोबर एकसाचीपणा. सेटलमेंट शाळांत तेच घडले होते. यावर ‘जॅम’चे उत्तर त्याच्या नावातच आहे. वर्तुळात उभे राहायचे, स्वर ठरवायचा, धून एकत्र धरायची. ब्लूग्रासमध्ये मानेच्या खुणेने एकेकाला एकट्याने वाजवण्याची पाळी मिळते, नवख्यालाही. बाकीच्यांनी तेव्हा हळू वाजवून त्याला वर येऊ द्यायचे. शेवट करायचा असला की म्होरक्या पाय उचलतो. यात गुणपत्रिका नाही. दुसऱ्याचे ऐकले नाही तर मात्र पुढे जाता येत नाही. अंगणात फेरी घालणाऱ्या दोघा भावांची परीक्षा हीच होती.

२४/२५
दुसरी दुरुस्ती स्मृतीची होती. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा आणि अभ्यासकांचा मेळावा भरला. तेथे भेटलेल्या तरुणांतून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला; रिएनन गिडन्स ही त्यांपैकी एक. मीबेन गावच्या जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाच्या घरी जाऊन, समोर बसून, ते त्याच्या धुनी शिकले. २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. परंपरा मुलांपर्यंत पोहोचवायची तर ती पूर्ण पोहोचवली पाहिजे. बँजो शिकणाऱ्या मुलाला तो कोणाच्या हातांतून आला हे सांगितले नाही, तर व्हाइटटॉपच्या महोत्सवाची चूक लहान प्रमाणात पुन्हा घडते.

२५/२५
स्पार्टाच्या एका शाळेतून निघालेले हे वर्ग पुढे नॉर्थ व साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि टेनेसी या चार राज्यांच्या डोंगराळ भागांत पसरले. माउंट रॉजर्सची ती चिमुकली शाळा २०१० मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये हेलन व्हाइट गेली. तिने शिकवलेली सर्वच मुले व्यावसायिक वादक होणार नव्हती. ती अपेक्षाही नव्हती. अर्ल स्क्रग्जला भाऊ होता, बिल मन्रोला मामा होता, डॉक वॉटसनला बँजो करून देणारे वडील होते. ज्या मुलाला यांतले कोणीच नाही, त्याच्यासाठी गावाने मिळून भाऊ, मामा आणि वडील व्हायचे, एवढाच या खटपटीचा अर्थ. किती आर्नल्ड शुल्ट्झ ध्वनिमुद्रणाविना गेले आणि किती मुलांच्या हाती वाद्य कधी आलेच नाही, याची मोजदाद इतिहासापाशी नाही. पुढची मोजदाद मात्र शाळा सुटल्यानंतरच्या त्या एका तासात, उसन्या फिडलवर, हळूहळू होत आहे.

(धागा समाप्त)